साळवे सरांची लसूणबंदी

"हिचे हात हुंग." रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात, येईल त्याच्याकडे बोट दाखवून, साळवे सर मला हेच काम लावतात. स्वतः मात्र कधी हुंगणार नाहीत! मी इथं पीएच.डी. करायला आले की जकात नाक्यावर बसायला, हे मला तीन वर्षांत कळलेलं नाही.

कारण काय, तर लसूण. जिवंत पेशीत गंधकाचे काही चुळबुळे रेणू असतात. क्षणात येतात, क्षणात गायब. त्यांना गाठायला आम्ही एक रंग बनवतो. तो पेशीत शिरतो आणि तसला रेणू भेटला की हिरवा चमकतो. लसणातही गंधक, म्हणून लसूणबंदी. भाजीला लसणाची फोडणी असली की माणूस जिन्यात बसून जेवतो. एकदा गुलमंडीवरून चिवडा आणला, त्यात लसूण निघाला. सरांनी अख्खा पुडा शिपायाला देऊन टाकला!

बरं, निकाल सांगायला जावं तर "चांगला हिरवा दिसतोय, सर" चालत नाही. "अंदाजपंचे नगं. नेमकं सांग!"

अशा माणसाच्या राज्यात माझीच प्लेट, म्हणजे पेशी ठेवायची खळग्याखळग्यांची तबकडी, बिघडायला लागली. प्लेटच्या कोपऱ्यातल्या खळग्यात नुसत्या पेशी आणि रंग असतो, वरून गंधक टाकलेलं नसतं. तो जवळपास काळाच राहायला हवा. शनिवारी लावायची, सोमवारी बघावं तर कोपरा हिरवागार! तीनदा सगळं पुन्हा केलं. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता, रडकुंडीला आले. एरवी आकाशपाताळ एक करणारे सर यावर चकार शब्द बोलले नाहीत.

शेवटी रविवारी दुपारी चोर पकडायला गेले. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून साक्षात सर! शेजारी माझी प्लेट, आणि स्टीलच्या डबीत लसणाची चटणी.

"सर, तुम्ही?" मी ओरडलेच.

सर दचकले. "मागं ताप आला ना, तवापासून नाकाला कायच कळत नाय. ही चटणी आईच्या हातची. गावाकडनं, पिशोरहून यायची. आता आई नाय, ही शेवटची डबी. वास येत नाय, तर म्हणलं हिरवी चमकताना बघून तरी घ्यावी. तुझ्या कोपऱ्यातल्या पेशी तयार दिसल्या, थेंबभर टाकली. लई चुकलं माझं. सगळं मी पुन्हा करून देतो."

भांडायला गेले होते, पण ते राहिलंच. डबी उचलून हुंगली.

"कसा येतोय?"

"मस्त, सर."

"नेमकं सांग."

"लसूण भाजलेला. तीळ आहेत. आणि जरासा करपलाय."

"करपायचाच," सर हसले. "तव्यावर टाकून आई शेजारणीशी बोलत बसायची."

मग डोळे पुसत म्हणाले, "अजून एकदा हुंग."