सकाळीच भरून ठेवलेला दिवस

छातीला यंत्र लावून घ्यायला मी तयार झालो, ते केवळ बायकोने तो विषय बंद करावा म्हणून. जिना चढताना मला छातीत आवळल्यासारखं व्हायचं. ती "काय होतंय?" म्हणाली की मी "काही नाही" म्हणायचो. (लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढं एक उत्तर मला तोंडपाठ आहे.) ईसीजी नॉर्मल आला तेव्हा मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा काही सेकंदांचा कागद, तोही तुम्ही आडवे पडलेले असतानाचा. जिन्यावर हृदय काय करतं ते यात कसं दिसणार?" त्यांनी चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारं एक यंत्र मला चिकटवलं आणि हातात वही दिली. कधी काय केलं, काय वाटलं, ते वेळेसकट लिहायचं.

आता माझी नोकरी सांगतो. औषधांच्या गोदामात दर तासाचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. मी ते संध्याकाळपर्यंतचं सकाळी सव्वानऊलाच उरकतो. (गोदाम थंडच असतं हो. मी मधूनमधून डोकावतोही.) त्याच सवयीने ही वहीसुद्धा मी सकाळीच भरून टाकली. 'साडेपाच. आराम. वर्तमानपत्र वाचन. छान वाटले.'

प्रत्यक्षात संध्याकाळी साडेपाचला मी आमच्या इमारतीचा जिना चढत होतो, तोही लिफ्ट चालू असताना. म्हटलं, एका दमात चौथा मजला गाठला की आपल्याला काही झालेलं नाही हे सिद्धच झालं. तिसऱ्या मजल्यावर छाती अशी आवळली की मी पायरीवरच बसलो. दरदरून घाम सुटला. खरं सांगतो, घाबरलो. तेवढ्यात शेजारचे मास्तर आले.

"काय झालं हो?"

"काही नाही. शर्टाचं बटण पडलंय."

मास्तर लगेच गुडघे टेकून शोधायला लागले आणि त्यांना खरंच एक बटण सापडलं. हिरवं. मी आभार मानून ते खिशात घातलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी एका हातात आलेख आणि दुसऱ्या हातात वही धरली.

"साडेपाचला तुम्ही बसला होतात?"

"हो."

"काही श्रम?"

"पान उलटलं असेल."

त्या हसल्या नाहीत. "ठोके एकशे अडतीस. हृदयाला रक्त कमी पडतंय असंही दिसतंय. चढताना झालं असतं, तर रक्तवाहिनी अरुंद झालीय असं धरून एकेक तपासणी केली असती. पण बसल्या जागी होत असेल तर मी तुम्हाला घरी सोडणार नाही. आत्ताच भरती व्हा."

बायकोने माझा हात धरला. "मी आत स्वयंपाकघरात होते, डॉक्टर. हे बाहेर पेपर वाचत असतील. एकदा येऊन बघायला हवं होतं मी."

माझ्या खोटेपणासाठी ती स्वतःला बोल लावत होती. ते मात्र मला सोसवेना. मी रजिस्टर, जिना, बटण, सगळं ओकून टाकलं.

"हिरवं बटण?" ही म्हणाली. "कुणाचं?"

"ते नंतर बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, औषध मला तुम्हाला द्यायचंय, वहीला नाही."

मग चालत्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली, अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी ऐंशी टक्के बंद निघाली. तिथे स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी बसवली आणि गोळ्या सुरू झाल्या. टेबलावर कुणीतरी विचारलं, "दुखतंय का?" सवयीने माझं तोंड उघडलं, पण काचेपलीकडे ही उभी होती. मी "हो" म्हणालो. इतकं सोपं होतं ते, आणि सव्वीस वर्षं मला जमलं नव्हतं.

महिन्याभराने पुन्हा यंत्र लावलं. या वेळी वही हिच्या ताब्यात होती. डॉक्टरीणबाईंनी आलेख शेवटपर्यंत पाहिला.

"छान. आता जिन्यावरसुद्धा रक्त नीट पोचतंय."

हिने डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

"फक्त एक चूक आहे," डॉक्टरीणबाई पेन उचलत हिला म्हणाल्या. "दुपारी दोन ते चार ठोके पार खाली आलेत. हे गाढ झोपेतले ठोके. आणि वहीत तुम्ही लिहिलंय, 'ऑफिसात काम'. खोडून 'झोप' लिहिते."

"कशाला खोडताय, डॉक्टर?" ही म्हणाली. "दोन्ही एकच आहे."