पारख्यांचा ट्रक अजून बरा नाही

पारख्यांच्या ट्रकमध्ये बसायचं असेल तर बूट काढावे लागतात. दाराच्या कप्प्यात पाहुण्यांसाठी सपाता ठेवलेल्या असतात, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. हॅनोव्हरच्या जानेवारीत, पार्किंगमधल्या चिखल झालेल्या बर्फात, एका पायावर तोल सांभाळत बूट काढणारा मध्यमवयीन माणूस तुम्हाला दिसलाच, तर तो बहुधा मी असेन. काढलेले बूट पिशवीत घालून मागच्या हौद्यात ठेवायचे. सीटवर प्लास्टिक चढवलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक वळणावर माणूस हळूहळू दाराकडे घसरत जातो. घसरू नये म्हणून जोर देऊन बसलं, तर पारखे म्हणतात, "नाईक, आरामात बसा. सीटला उगाच त्रास नको."

"उगाच त्रास नको" हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून किती वेळा येतं ते मी मोजलेलं नाही. लिफ्टला त्रास नको म्हणून ते दोन मजले चढून जातात. डोअरबेलला त्रास नको म्हणून दारावर बोटाच्या पेराने टकटक करतात, ती आतल्या माणसाला ऐकू येत नाही. आणि माणसांना त्रास नको म्हणून कुणाकडे जातच नाहीत.

सतीश पारखे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करतात, निवृत्ती जवळ आली आहे. वहिनी त्यांच्या आईच्या आजारपणामुळे वर्षातला बराच काळ पुण्यात असतात. एकुलती एक मुलगी सायली नोकरीसाठी हॅम्बर्गला गेली. त्यामुळे वर पारखे आणि खाली पार्किंगमध्ये ट्रक, असा त्यांचा संसार आहे. खरं तर तो पिकअप आहे, पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. पण पारखे त्याला ट्रकच म्हणतात, आणि ते म्हणताना थोडे ताठ होतात.

एकट्या माणसाला एवढी गाडी कशाला, यावर आमच्या महाराष्ट्र मंडळात बरीच चर्चा झाली. गणपतीची आरास न्यायला, असं काहींचं मत. मी विनोद केला होता की हौदा तर झाला, आता पारखे हत्ती घेणार आहेत. लोक हसले. खरं कारण कळल्यावर तो विनोद मला बरेच दिवस टोचत राहिला. सायलीचं सामान हॅम्बर्गला स्वतः न्यायचं, म्हणून त्यांनी ट्रक घ्यायचा ठरवला होता. मग सगळ्या कंपन्यांची, सगळ्या मॉडेलांची तुलना केली. नीट चौकशी करून, जेमतेम वर्षभर चाललेला, जवळजवळ नवा, वॉरंटी शिल्लक असलेला डिझेल ट्रक मिळवला. तोवर सायली मैत्रिणींबरोबर भाड्याच्या व्हॅनने सामान घेऊन गेलीसुद्धा.

तर अशा या ट्रकच्या इंजिनाने लवकरच आजारपण काढलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा, गाडी दम लागल्यासारखी चालायची. वर्कशॉपने एक सेन्सर बदलला. दिवा गेला, काही आठवड्यांनी परत आला. दुसरा सेन्सर बदलला. दिवा परत आला. मग सॉफ्टवेअर नवं घातलं. यावर पारखे मला जिन्यात गाठून म्हणाले, "सॉफ्टवेअर नवं घालून प्रश्न सुटत नसतो, हे मी तीस वर्षं लोकांना सांगतोय."

या काळात त्यांनी इंजिनाचे आवाज फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. सकाळचा आवाज, संध्याकाळचा आवाज, बाजारातून आल्यानंतरचा आवाज. ते मला पाठवायचे आणि खाली लिहून विचारायचे, "दुसऱ्यात थोडा कफ वाटतो का?" मी प्रामाणिकपणे दोन्ही ऐकायचो. मला काही फरक कळायचा नाही, आणि कळत नाही याचंही वाईट वाटायचं. माझी बायको मृदुला म्हणाली, "अहो, तुमच्या आईच्या खोकल्याकडे तुम्ही एवढं लक्ष दिलं नव्हतं." तेही खरं होतं.

शेवटी वर्कशॉपच्या प्रमुखाने, हेर लिंडेमान यांनी, दोघांना बोलावलं. दोघांना म्हणजे पारख्यांना आणि ट्रकला. पारख्यांनी साक्षीदार म्हणून मला नेलं. लिंडेमाननी कॉम्प्युटर जोडून आकडे पाहिले आणि विचारलं, तुम्ही ही गाडी चालवता कुठे?

पारख्यांनी अभिमानाने सांगितलं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, शनिवारी तुर्की दुकान. सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. इंजिन कधी ताणत नाही, गिअर लवकर बदलतो. आणि मधूनच उभ्या गाडीचं इंजिन आपोआप जोरात फिरायला लागतं, पंखा सुरू होतो, गरम वास येतो, तेव्हा ताबडतोब बंद करून बॉनेट थंड होईपर्यंत शेजारी उभा राहतो.

लिंडेमाननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डिझेलच्या गाडीत धुराची काजळी धरून ठेवणारा एक फिल्टर असतो, ते सांगू लागले. गाडी लांब चालली, नीट तापली, की इंजिन ती काजळी आपली आपण जाळून टाकतं. ते नेमकं जाळायला घेतं तेव्हा तुम्ही ते बंद करता. दर वेळी. मग थोडं ओशाळून त्यांनी हेही कबूल केलं, की हा प्रश्न आपण पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, दोन सेन्सर उगाच बदलले.

"गाडीत दोष नाही," ते म्हणाले. "तिला मोकळी सोडा. दर रविवारी आउटोबानवर तास-दीड तास, चांगल्या वेगाने. तुमचं लांब कुणी राहत नाही का?"

"आल्झो, म्हणजे, तसं..." पारखे म्हणाले, आणि खिशात ट्रकची किल्ली शोधू लागले.

येताना मीच विषय काढला. सायलीकडे किती दिवसांत गेला नाहीत? तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. ती हॅम्बर्गला गेल्यावर ते तिला रोज फोन करत. हीटर किती ठेवलास, खिडकी किती वेळ उघडलीस, दाराची साखळी लावलीस का. एकदा ती वैतागून म्हणाली, पापा, मला जरा माझं माझं राहू द्या. पारखे सूचना पाळणारे गृहस्थ आहेत. त्यांनी तिला तिचं तिचं राहू दिलं. फोन बंद केले, जाणं तर सुरूच केलं नव्हतं. त्याला आता वर्ष होत आलं होतं. वाढदिवसाला आणि दिवाळीला मेसेज जात. सूचना मागे घेतल्याचं तिच्याकडून काही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही इंजिनाला फिरायला घेऊन निघालो. आउटोबानवर सुरुवातीला पारखे एका दुधाच्या टँकरच्या मागे, त्याच्याच वेगाने चालले होते. मी लिंडेमान डॉक्टरांच्या सल्ल्याची आठवण करून दिली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पाय दाबला. ट्रक असा काही सुटला, की पारख्यांच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकदमच उमटला. "ऐकताय ना," ते म्हणाले, "मोकळा झाला आवाज." या वेळी तो मलासुद्धा ऐकू आला.

रस्ता उत्तरेचा होता. तो कुणी निवडला हे आम्ही बोललो नाही. हॅम्बर्ग आलं, नेहमीचा पाऊस आला, आणि पारखे गाडी वळवायला जागा शोधू लागले. मी म्हणालो, आलोच आहोत तर सायलीला फोन करा. ते एकदम घाबरले.

"टर्मिन घेतलेली नाही हो, भेटीची वेळ."

मुलीला भेटायला टर्मिन लागत नाही, असं मी म्हणालो खरा, पण फोन मलाच करावा लागला. सायली छत्री न घेताच खाली आली. केस विंचरलेले नव्हते, चेहरा उतरला होता.

"पापा? इस्ट वास पासिर्ट?"

काही झालेलं नाही, पारखे घाईने म्हणाले. गाडीला लांब चालवायला सांगितलंय, म्हणून इकडून चाललो होतो. तिने ट्रककडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्हाला वर नेलं. चहा झाला, शिळ्या ब्रेडचा चिवडा झाला. पारख्यांनी एकही सूचना केली नाही. खिडकी सताड उघडी होती, त्यांनी खिडकीकडे पाठ करून घेतली. फक्त काजळीचा फिल्टर कसा चालतो ते त्यांनी तिला कागदावर काढून दाखवलं, आणि इंजिनाची मुळीच आवड नसलेली ती मुलगी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिली.

त्यानंतर ते दर रविवारी जाऊ लागले. मी दोनदा गेलो, मग मला कुणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. सोमवारी जिन्यात भेटले की मी विचारायचो, कसा आहे ट्रक? ते मान हलवायचे. अजून नाही हो पूर्ण बरा.

हिवाळ्याचे टायर काढून घ्यायला मी लिंडेमानकडे गेलो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. तुमच्या मित्राची गाडी ठणठणीत आहे. मागच्याच महिन्यात सगळं तपासून मी त्यांना म्हणालो, आता महिन्यातून एकदा फिरवलीत तरी पुरे. त्यांनी सांगितलं नाही का?

मी म्हणालो, सांगितलं असेल, मीच विसरलो असेन. घरी येताना टायरपेक्षा हेच माझ्या डोक्यात जास्त फिरत होतं. पारख्यांसारखा सरळ माणूस दर सोमवारी जिन्यात खोटं बोलतो. मृदुलाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? तुम्हाला काय करायचंय?" मला काही करायचं नव्हतं. पण त्याच आठवड्यात सायलीचा फोन आला.

ती गंभीर होती. जर्मनमध्ये भराभर बोलत होती. इतके महिने होऊनही गाडी दुरुस्त होत नाही म्हणजे वर्कशॉप पापांना फसवतंय. पापा भिडस्त आहेत, ते तक्रार करणार नाहीत. तिच्याकडे रेख्ट्सशुट्झ आहे, म्हणजे वकिलाचा खर्च विमा देतो. उद्याच वकिलाकडून वर्कशॉपला पत्र जाईल. फक्त त्याआधी तिला माझ्याकडून खात्री हवी होती. काका, तुम्ही ती गाडी पाहता रोज. ती अजून बिघडलेली आहे ना?

बिघडलेली आहे म्हणालो तर बिचाऱ्या लिंडेमानना वकिलाचं पत्र. बरी आहे म्हणालो तर पारख्यांचे रविवार संपले. मी खिडकीशी गेलो. खाली ट्रक उभा होता, धुतलेला, पुसलेला.

"हे बघ सायली," मी म्हणालो, "वर्कशॉपचा काही दोष नाही, पत्र पाठवू नकोस. पण गाडी अजून बरी नाही. तिला लांब चालवत राहावं लागेल."

एवढ्या ठामपणे मी याआधी कधी बोललो होतो, मला आठवत नाही.

"येडन झोनटाग?"

"दर रविवारी."

"आणि किती दिवस?" हे तिने मराठीत विचारलं.

"डिझेलचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "गुट. बरं." तिला काय कळलं आणि काय नाही, ते मला तेव्हाही कळलं नाही. फोन ठेवता ठेवता तिने निरोप दिला. पापांना म्हणावं, जरा लवकर निघा. नाश्त्याला या.

मी वर गेलो. पारख्यांना निरोप सांगितला. ते दारात तसेच उभे राहिले, हातातलं भांडं पुसायचं फडकं नुसतंच पिळत.

"ट्रकचं काही विचारलं का तिने?"

"विचारलं. मी सांगितलं, अजून पूर्ण बरा नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याच्या खिडकीतून खाली पाहिलं, जिथे ट्रक बंद उभा होता, आणि कान दिल्यासारखं करून म्हणाले, "बरोबर आहे. आवाज येतोय अजून थोडा."

मीही कान दिला. "हो," म्हणालो, "येतोय."