मेलेल्या जंतूंचा ताप

"पुन्हा निळं! कोणी हात लावला होता माझ्या बशीला?"

मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत गेला. प्रयोगशाळेत त्यांच्याखेरीज एकच माणूस होता, त्यांचा सहकारी. तो मान खाली घालून चष्मा पुसत राहिला.

प्रयोग तसा सोपा होता. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दोन बशांत ठेवायच्या. एकीत उष्णतेने मारलेले जंतू घालायचे, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. जंतू मेलेले असले तरी पेशी खवळतात का, ते बघायचं. खवळल्या की तपासणीत निळा रंग येतो. पण इथे मिठाच्या पाण्यातल्या पेशीही विनाकारण खवळत होत्या.

"तुम्ही हात धुता की नाही?"

"धुऊन धुऊन सालं निघालीत, मॅडम! त्या मिठाच्या पाण्याच्या कॅनलाच वास येतोय."

"मग उकळा ना चांगलं खळखळून! मरू देत त्यातले जंतू!"

पाणी उकळलं. रंग निळाच. आता मॅडमनी सगळं खापर रक्तावर फोडलं, आणि रक्त होतं सहकाऱ्याचं.

"तुमच्या पेशीच मुळात तापट!"

"हे मला तुम्ही सांगताय?" म्हणत त्याने डबा उचलला आणि तो तरातरा घरी निघून गेला. जाताना दारही आपटलं.

मॅडमनी मग नवऱ्याचं रक्त काढलं. घराला आग लागली तरी आधी चहा संपवेल असा तो माणूस. दुसऱ्या संध्याकाळी तो त्यांना न्यायला आला, तेव्हा त्याच्याही दोन्ही बशा निळ्याशार होत्या.

"माझ्यावर राग धरून बसलायस तू!" मॅडम कडाडल्या.

"मी? माझ्या आईला स्टेशनवर घ्यायला विसरलीस, तेव्हा तरी बोललो का काही?"

"काढलंसच ना शेवटी ते!"

"अगं, मेलेला विषय आहे तो."

"मेलेला असला म्हणून काय झालं? डोकं फिरायचं ते फिरतंच माझं!"

एवढं बोलून मॅडमनी कॅनकडे पाहिलं. उकळून जंतू मेले होते, पण ते गेले होते कुठे? सगळे त्याच पाण्यात होते, आणि ते पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्या बशीत घातलं होतं. जे शोधायला त्या बसल्या होत्या, ते ती बशी पाणी उकळल्यापासून ओरडून सांगत होती.

नवऱ्याने हळूच विचारलं, "म्हणजे मी शांतच आहे ना?"

"तू गप्प बस!" मॅडमनी फोन लावला. पलीकडे सहकाऱ्याने तो उचलला.

"चूक माझी होती!" त्या गरजल्या. "मी माफी मागतेय! ऐकू येतंय का?"

"येतंय, मॅडम," सहकारी म्हणाला. "शेजारचेही विचारतायत, कोण कोणाला मारतंय म्हणून."