रामटेकेची खरवड

अमेरिकेतल्या चार राज्यांत रामटेकेने वेट्रेसच्या हातातून भांडं परत हिसकावून घेतलंय. चारही वेळा मी त्याच्यासोबत होते. चारही वेळा मी मेन्यू कार्ड तोंडासमोर धरून, या माणसाशी माझा काहीएक संबंध नाही असा चेहरा केला, आणि चारही वेळा तो सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याच नावाने ओरडला, "सुनंदा, अगं बघत काय बसली? खरवड घेऊन चालली न ही!"

प्रकाश रामटेके माझा सहकारी. तो नागपूरचा, मी कोल्हापूरची. मिशिगनमध्ये ट्रॉयला एका कंपनीत आम्ही दोघं गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करतो आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना भेटी द्यायला ओहायो, इंडियाना, इलिनॉय असे फिरत असतो. दिवसभराचं काम संपलं की चारचौघं काय करतात? जवळपास इंडियन रेस्टॉरंट आहे का बघतात, गरम डाळभात खातात आणि झोपतात. रामटेके फोनवर स्विस हॉटेल शोधतो.

याचं कारण, तिशीत असताना तो कंपनीच्या कामाने दोन वर्षं स्वित्झर्लंडला राहिला होता. एवढ्यावर त्या देशाच्या खाण्याची अब्रू राखायची जबाबदारी आपल्याकडे आली आहे, असं त्याने ठरवून टाकलं. खुद्द स्विस लोकांना ज्याची काही पडलेली नाही, त्यासाठी हा मिशिगनमध्ये भांडतो. "निषेध!" हा त्याचा आवडता शब्द. मीटिंगमध्ये निषेध, सिग्नलला निषेध, कॉफी मशीनसमोर निषेध. आमचा गोरा मॅनेजर हल्ली मीटिंग संपवताना स्वतःच विचारतो, "प्रकाश, एनी निषेड?"

बायकोने, वैशालीने, त्याच्याबरोबर हॉटेलात पाऊल ठेवायचं केव्हाच बंद केलंय. ती नर्स आहे. "मला दिवसभर पेशंट असतात, संध्याकाळी हा नको," म्हणते. राहिले मी.

काय काय सोसलंय मी! मिशिगनमधल्याच एका हॉटेलात भिंतीवर बर्फाचे डोंगर रंगवलेले, दाराला गाईची घंटा. रामटेकेने रोश्टी मागवली. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ. आलं ते फ्रोझन पाकिटातलं, वर पिवळं चीज. रामटेकेने वेटरला दरडावून विचारलं, "ही रेसिपी कुठल्या कँटनची?" स्वित्झर्लंडच्या प्रांतांना कँटन म्हणतात. आता त्या बिचाऱ्याला काय माहीत! कँटन नावाचं एक गाव आमच्या ट्रॉयपासून पाऊण तासावर आहे. तो आनंदाने म्हणाला, "ओह, माझी बहीण तिथंच राहते!" आणि कागदाच्या नॅपकिनवर रस्ता काढून दिला.

इलिनॉयमध्ये 'स्विस स्टेक' नावाचा प्रकार आला, टोमॅटोच्या रश्श्यात बुडवलेला. स्वित्झर्लंडमध्ये असलं काही कुणी बघितलेलंही नाही, असं रामटेके शेफला वीस मिनिटं समजावत होता. तोवर माझी कॉफी थंड झाली.

पण खरी युद्धं व्हायची ती फॉन्ड्यूवरून. फॉन्ड्यू म्हणजे काय, तर भांड्यात वितळलेलं चीज. खाली बारीक आच. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, त्यात बुडवायचा आणि खायचा. संपलं. तिखट नाही, फोडणी नाही, तोंडी लावायला साधा कांदा नाही. तांबड्या रश्श्यावर वाढलेली बाई मी. या चीजमध्ये पावाचे तुकडे हरवायचे आणि काट्याने शोधायचे, याला जेवण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते रामटेकेला सांगितलं की म्हणतो, "थांब. खरी गोष्ट तळाशी आहे."

तळाशी म्हणजे खरवड. चीज संपत आलं की भांड्याच्या बुडाला जो खरपूस थर लागतो, तो. तिकडे त्याला 'आजी' म्हणतात म्हणे, आणि तो मानाचा. रामटेके तिथे पोचल्यावर पहिल्याच रविवारी घरमालकीणबाईंनी त्याला जेवायला बोलावलं, आणि शेवटी ती खरवड काढून, घरच्या कुणाला न देता, सगळीच्या सगळी त्याच्या ताटात ठेवली. "पाहुण्याला बेस्ट पार्ट," म्हणाल्या. हे सांगताना रामटेकेचा आवाज बदलतो. एरवी मला त्याला थांबवावं लागतं, इथे मात्र तो आपणच थांबतो.

अमेरिकेत ही खरवड मिळत नाही. शेवटचा तुकडा तोंडात जायच्या आत वेट्रेस हसतमुखाने भांडं उचलते आणि सिंकमध्ये टाकते. इंडियानात तर विजेवर चालणारं नॉनस्टिक भांडं होतं. रामटेकेने ते खेचून घेतलं, आत बघितलं तर बूड गुळगुळीत. "नॉनस्टिकमध्ये खरवड धरेल कशी? निषेध!" ओहायोत त्याला एक क्षण उशीर झाला, भांडं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं. हा मागे धावला, "व्हेअर इज द ग्रँडमदर? यू आर थ्रोइंग अवे द ग्रँडमदर!" शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने फोन काढला. मॅनेजर धावत आला आणि आजींनी कोणत्या रंगाचे कपडे घातले होते ते मला विचारू लागला.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी त्याला धुतलं. "एका खरवडीसाठी तू एक दिवस आपल्या दोघांना आत टाकशील. घरी कर की काय ते फॉन्ड्यू!"

तेव्हा त्याने सांगितलं. आई येणार होती. दोनदा नाकारलेला व्हिसा एकदाचा मिळाला होता. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघे गेलेले, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची खेप. "तिला टेबलाशी बसवायचंय आणि दुसऱ्या कुणीतरी तिला खरवड वाढली पाहिजे. प्लेटमध्ये. मी घरी केलेली चालत नाही. असं एक हॉटेल मला शोधायचंय, बस."

"पण खरवडच का?"

"तुला नाही कळणार. तुम्ही वरचा भात खाणारे लोक."

मला असा संताप आला की पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमच्याकडे भाताला वरचा आणि खालचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

आई जूनमध्ये आल्या. रामटेकेने तोवर विस्कॉन्सिनमध्ये स्विस लोकांनीच वसवलेलं एक गाव शोधलं होतं, आणि त्यात बिडाच्या भांड्यात फॉन्ड्यू देणारं एक जुनं हॉटेल. आई पंचशील पाळणाऱ्या आणि फॉन्ड्यूत असते वाईन. म्हणून याने आधीच फोन करून वाईनऐवजी सफरचंदाचा रस घालायला लावला, आणि आपणच केलेल्या या भेसळीचा गाडीत सबंध सात तास निषेध केला. वैशालीला ड्युटी होती, त्यामुळे गाडी मी चालवली. मागच्या सीटवर त्याच्या आई, मी त्यांना मावशी म्हणायचे, पांढरं पातळ नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

हॉटेलात त्यांनी काटा उलटसुलट करून बघितला. पावाचा तुकडा दोनदा चीजमध्ये हरवल्यावर म्हणाल्या, "पोळी कुस्करून टाकली असती यात तर काय बिघडलं असतं?" मला त्या तिथेच आवडल्या. एसीने त्या कुडकुडायला लागल्या. रामटेके गाडीतून शाल आणायला उठला आणि जाताना मला दम देऊन गेला, "भांड्यावर लक्ष ठेव."

"हा कायले एवढा भांड्याच्या मागं लागला?" मावशींनी विचारलं.

मी सांगून टाकलं. म्हटलं, तळाची खरवड तुम्हाला खाऊ घालायचीय त्याला.

मावशींनी काटा खाली ठेवला. "खरवड? अवो बाई, जिंदगीभर खरवडच खाल्ली मी! इमानात बसवून इतक्या दूर आणलं, ते खरवड खायले?" त्या चांगल्याच भडकल्या होत्या. मग एकदम दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली घेतला.

मावशी नागपूरला मुलांच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये भात शिजवायच्या. कंत्राटदार भाताचं शीत घरी नेऊ द्यायचा नाही. बुडाला लागलेला जळका थर नेला तर मात्र काही म्हणायचा नाही. "रोज तेच खाऊन हा एकदा रडला. म्हटलं, येड्या, हाच तर सगळ्यात भारी राह्यते. त्या पोट्ट्यांले वरचावरचा देते अन् खालची मलई तुह्यासाठी लपवून आणते. खरं वाटलं त्याले. मंग गल्लीतल्या पोरांले सांगे, आमच्या घरी खालची मलई येते म्हणून. लय वाईट वाटे मले. मोठा झाला की सांगीन म्हटलं. राहूनच गेलं."

मी त्यांच्याकडेच बघत राहिले, आणि तेवढ्यात पिकल्या केसांची वेट्रेस येऊन भांडं घेऊन गेली. मला कळलंसुद्धा नाही.

रामटेके शाल घेऊन परत आला. रिकाम्या टेबलाकडे त्याने बघितलं. निषेध नाही, ओरडणं नाही. आईच्या खांद्यावर शाल टाकायचंही विसरून तो नुसता उभा राहिला. त्याचं ते तोंड मला बघवेना.

मी उठले. आयुष्यात कधी हॉटेलात आवाज चढवला नव्हता, तो भर दुपारी, भरल्या हॉटेलात चढवला. "व्हेअर इज द ग्रँडमदर?" असं ओरडत मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावत गेले.

वेट्रेस वळली. घाबरली नाही की हसली नाही. "मी तीच सोडवायला नेतेय, हनी," म्हणाली. "अख्खी निघायला जरा खटपट लागते."

पाचच मिनिटांत ती आली. पांढऱ्या प्लेटमध्ये सोनेरी, भाकरीएवढी अखंड खरवड. तिने एकवार आम्हा तिघांकडे बघितलं आणि प्लेट मावशींपुढे ठेवली. "फॉर द ग्रँडमदर. बेस्ट पार्ट."

"काय म्हणून राह्यली थे?"

"आई, सगळ्यात भारी भाग हाच असते म्हणते," रामटेके म्हणाला.

मावशींनी त्या बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिलेही लेकरं असतीन," त्या म्हणाल्या.

रामटेकेने मान खाली घातली. जगातल्या कुठल्याही वाक्यावर हरकत घेणारा हा माणूस यावर काही बोलला नाही, आणि त्याला सगळं कधीचंच माहीत आहे हे मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं चार राज्यांत तो भांडत होता, ते आईचं खोटं खरं ठरावं म्हणून. मला रडू आलं आणि मी ते मेन्यू कार्डामागे लपवलं.

मावशींनी खरवडीचे तीन तुकडे केले. मोठा मुलापुढे सरकवला. "खाय. तुले आवडते न."

"आवडते," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी तोंडात टाकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या. एका कडेला जरा करपला होता.

"कशी आहे, पोरी?"

"सगळ्यात भारी," मी म्हणाले.