चीफ लायेनींच्या आत्मचरित्रातला बोकड

पुस्तक प्रकाशित व्हायला लेखक लागतोच असं नाही. कापड मात्र लागतं. लेखकाच्या घराण्यानं एक तागा निवडायचा, त्यातून आत्या, मावश्या, मेहुणे अशा सगळ्यांचे कपडे शिवायचे, आणि मग पुस्तकाचं मुखपृष्ठ त्या कापडाला जुळवून घ्यायचं, अशी नायजेरियात, आमच्या इबादान शहरातली रीत आहे. (आधी मुखपृष्ठ ठरवून कापड शोधणारे एक कवी होते. त्यांच्या बहिणी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.)

यंदा मे महिन्यात आमच्याकडे चार पुस्तकांचं संयुक्त प्रकाशन झालं, कारण जनरेटर एकच होता. एक कादंबरी, एका दंतवैद्याचा कवितासंग्रह, चीफ लायेनींचं आत्मचरित्र 'सेवेचा महामार्ग' आणि माझ्या वडिलांचं मुलांसाठीचं पुस्तक, 'बोकडाची सफर'.

वडिलांनी, म्हणजे आजिबादे मास्तरांनी, आयुष्यभर भूगोल शिकवला आणि शेवटच्या आजारपणात इस्पितळाच्या खाटेवर एका बोकडाचं आत्मवृत्त लिहिलं. एकतिसाव्या पानावर बोकड मिनीबसमध्ये चढतो. कंडक्टर विचारतो, "आपण कोण?" बोकड म्हणतो, "मी ड्रायव्हरचा सासरा." एवढं लिहून वडील इतके हसले की नर्सनं धावत येऊन सलाइन तपासलं. "हे वाचून कुणी हसलं की मला सांग हं, रेनिके," ते म्हणाले. पुस्तक छापून यायच्या आधीच ते गेले. सांगायचं काम माझ्याकडे राहिलं.

प्रकाशनाची कार्यपद्धती सर्वमान्य आहे. प्रथम अध्यक्ष उशिरा येतात. किती उशिरा, ते त्यांच्या पदावर अवलंबून असतं. वेळेवर आलेल्या माणसाला अध्यक्ष करता येत नाही. मग प्रार्थना, मग मान्यवरांची नावं, मग राहून गेलेल्या मान्यवरांची नावं आणि त्यांच्याकडे क्षमायाचना. निघताना प्रत्येकाला एका पिशवीत लेखकाचा फोटो छापलेलं प्लास्टिकचं टोपलं आणि पुस्तक मिळतं. टोपलं वापरात येतं. पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनातच ठेवतात, कारण वेष्टन काढलं की धूळ बसते. मधल्या वेळात एक प्राध्यापक पुस्तकांचा परिचय करून देतात. त्यांना वेष्टन फोडण्याचा अधिकार असतो, पण शक्यतो ते तो व्यासपीठावरच बजावतात.

कादंबरी 'वास्तवाला भिडणारी' निघाली. कवितांच्या वेळी बरेच लोक जेवण कुठवर आलं ते पाहून आले. मग प्राध्यापकांनी चीफचं आत्मचरित्र फोडलं आणि पहिलं पान वाचलं:

"माझा जन्म उघड्यावर झाला. आई त्या वेळी चारा शोधत होती. जन्मलो तसा मी उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी पळू लागलो."

चीफनी रुमाल काढला. मी ताडकन उठले.

"आत्या, हा बाबांचा बोकड आहे!"

"माहितीये बोकड आहे ते. तिखटजाळ केलाय, मी स्वतः पातेल्यात डोकावून आले," अबेके आत्या म्हणाली आणि माझ्या झग्याला धरून तिनं मला खाली बसवलं. "वाढेपर्यंत हलू नकोस. जागा जाईल."

प्राध्यापक रंगात आले होते. "जन्मताच स्वतःच्या पायांवर! याला म्हणतात स्वावलंबन." त्यांनी मधलंच एक पान उघडलं. "'निवडणुकीचं पोस्टर दिसलं की मी ते खाऊन टाकायचो. पक्ष कधी पाहिला नाही.' बंधूंनो, खाल्ल्याची इतकी प्रांजळ कबुली आपल्या राजकारणात प्रथमच येते आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी चित्रांचं कौतुक केलं. दाढी हुबेहूब साधली आहे, म्हणाले. (चीफना दाढी आहे.)

"मी बरं लिहिलंय की हे," चीफ शेजाऱ्याला म्हणाले. माइक चालू होता.

दुसऱ्या दिवशी मी बांधणीखान्यात गेले. चूक साधी होती. चीफच्या घराण्यानं निळं कापड घेतलं होतं आणि आमच्या घराण्यानंही. बांधणीखान्याचे मालक अल्हाजी लासिसी यांच्याकडे छापील पानांचे गठ्ठे मुखपृष्ठाच्या रंगावरून लावतात.

"अल्हाजी, आमच्या निळ्यात चीफ गेलेत, आणि चीफच्या निळ्यात आमचा बोकड."

"मुली, कापड जुळलं की नाही?"

"जुळलं."

"समारंभात कुणी ओरडलं?"

"नाही."

"मग तू कशाला ओरडतेस? अगं, तुझे वडील आता चीफच्या मोटारीतून फिरतायत. जिवंतपणी बसले होते कधी?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वडिलांच्या मुखपृष्ठाआड चीफनी सिमेंट महामंडळातल्या कारकिर्दीबद्दल लिहून घेतलेली प्रकरणं आठवड्याभरात प्राथमिक शाळांत पोचली, आणि एका मुख्याध्यापिकाबाईंनी आभाराचा फोन केला. मधल्या सुट्टीनंतर हे पुस्तक वाचून दाखवलं की अख्खा वर्ग झोपतो. असं बालसाहित्य आजवर झालं नाही, म्हणाल्या.

तरी मी चीफच्या कचेरीत गेले. सगळ्या प्रती परत मागायच्या, बोकड त्याच्या कातडीत घालायचा, असं ठरवूनच. बाहेरच्या बाकावर रस्त्याची कामं घेणाऱ्या एक जाडजूड बाई सहीसाठी ताटकळत बसल्या होत्या. फोनची बॅटरी संपलेली. टेबलावर 'सेवेचा महामार्ग'ची चळत. नाइलाजानं त्यांनी एक प्रत फोडली होती आणि मी शेजारी बसले तेव्हा निम्म्यावर आल्या होत्या.

एकदम त्यांच्या पोटातून आवाज आला. मग खांदे हलू लागले. मग केसांचा टोप घसरून भुवईवर आला.

"काय झालं हो, मॅडम?"

"अगं ऐक तरी! चीफ मिनीबसमध्ये चढतात... कंडक्टर विचारतो, आपण कोण... आणि हे म्हणतात..." त्यांना पुढे बोलवेना. डोळे पुसत त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "ड्रायव्हरचा सासरा! मेला एवढा गमत्या असेल असं वाटलं नव्हतं गं!"

"पान उलटा," मी म्हणाले. "पुढे ड्रायव्हर खरंच पाया पडतो."

त्या बाकावरून घसरल्याच.

शिपायानं माझं काम विचारलं. काही नाही, म्हटलं, सावलीला बसले होते. घरी आले ती थेट अंगणात, वडिलांच्या थडग्यापाशी. बाईंचं नाव सांगितलं. टोपाचंही सांगितलं.

आता 'सेवेचा महामार्ग'ची दुसरी आवृत्ती निघाली आहे आणि अल्हाजी लासिसी हल्ली परदेशची कामंही घेतात. तेव्हा एक विनंती. गेल्या वर्षी ज्या थोर माणसाचं आत्मचरित्र 'फार प्रांजळ आहे हो' म्हणून तुम्ही दोघातिघांना सांगितलंत, ते कपाटातून काढा. प्लास्टिक फाडा. एकतिसावं पान. हसू आलं तर तुमचं नाव कळवा. वडील एका नावावर भागवणारे नाहीत.