मेश्रामभाऊंची मुळव्याध आणि माझी

आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत कुणाचंही ऑपरेशन झालं की मेश्रामभाऊंना हेवा वाटतो. तब्येत विचारायला म्हणून जातात आणि विचारतात, "टाके किती?" आकडा आपल्यापेक्षा कमी निघाला की त्या घराशी काही दिवस अबोला. समोरच्या देशकरबाईंचा मोतीबिंदू बिनटाक्याचा निघाला, तर म्हणाले, "डोळ्याचं का, ते सोपंच राह्यते."

भाऊ माझे शेजारी. कळमन्याच्या बाजारात धान्याची दलाली करायचे, आता घरीच असतात. एकटे. मुळव्याध त्यांनी जुन्या पद्धतीनं कापून काढली होती, तेव्हापासून गल्लीत त्या विषयात त्यांचाच शब्द शेवटचा. माझी मुळव्याध तिसऱ्या पायरीवर पोचली, तेव्हा मीही आधी त्यांच्याकडेच गेलो.

"रबर बँड सुरुवातीच्या मुळव्याधीले," भाऊ म्हणाले. "लेसरमधी दुखत नाही फारसं, पण पलटून येऊ शकते. स्टेपलरची मशीन मुळव्याध वर खेचून शिवते, तिचंही तसंच. तुम्ही कापूनच टाका. दुखते लय, पण सहसा पुन्हा तोंड दाखवत नाही."

"पण दुखतं ना?"

"मी नाही सोसलं का?"

सर्जननंही जवळपास हेच सांगितलं आणि निवड माझ्यावर सोडली. मी स्टेपलर निवडलं. दुसऱ्या दिवशी घरी आलो.

संध्याकाळी भाऊ आले. मला खुर्चीवर पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"बसून राहिले तुम्ही?"

"उशी आहे खाली."

"मले तर पालथंच पडून राहा लागे. रक्त?"

"थोडंसं."

"थोडंसं," भाऊ कडवटपणे म्हणाले. "येईन मुळव्याध पलटून, पाहजा."

तेवढ्यात बायको, सुमन, आतून आली. "टबात कोमट पाणी काढलंय. उठा, हात द्या इकडे." मी पाणी कमी पितो म्हणून बोलणी ऐकवत तिनं मला आत नेलं.

शेकून परत आलो तर भाऊ तिथेच, तसेच बसलेले.

"दवाखान्यात वहिनी होत्या सोबत?"

"होती. रात्रीही."

"हाव. माह्या वेळी नर्सबाई विचारे, सोबत कोण हाये. मी म्हणो, येऊन राहिले. सुट्टी होईपर्यंत तेच सांगत राहिलो. घरी आलो ऑटोत आडवा पडून. कुलूप त्या ऑटोवाल्यानंच उघडून देल्लं."



सुमननं ऐकलं असावं. ती ताकाचे दोन पेले घेऊन आली. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा भाऊंच्या हातात दिला. "भाऊजी, मीठ बरोबर आहे का पाहा बरं."

भाऊंनी एक घोट घेतला.

"बरोबर हाये," ते म्हणाले, आणि पेला संपेपर्यंत माझ्या ऑपरेशनबद्दल एक शब्द बोलले नाहीत.