ओढ्यापलीकडची मेडिकेअर

वर्लिन स्टकींच्या गुडघ्यांना गुण आला तो फक्त पाण्याने. अमेरिकेत ओहायोतल्या त्यांच्या गावात पोहायचा कोमट पाण्याचा बंदिस्त तलाव होता आणि मेडिकेअर या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या त्यांच्या योजनेत तो फुकट होता. रोज सकाळी ते पाठीवर पडून तरंगत, काचेच्या छतावरून सरकणारे ढग बघत. शेजारी ट्रूडी अॅमस्टट्झ नावाची विधवा बाई तरंगत असे. जमिनीवर 'हं'च्या पुढे न जाणारे वर्लिन पाण्यात पडले की बोलत सुटत. मधमाश्यांबद्दल, बायको गेल्यानंतरच्या लांबलचक रविवारांबद्दल. तो तास संपूच नये असं त्यांना वाटे.

म्हणून त्यांनी घर विकून ओढ्यापलीकडे, ट्रूडीच्या शेजारचं छोटं घर घेतलं. कारण विचारल्यावर जिने चढवत नाहीत म्हणाले. जुन्या घराला जिनाच नव्हता. ट्रूडी ते जाणून होती.

सामान लागल्यावर त्यांनी नवा पत्ता कळवायला योजनेच्या कचेरीत फोन केला.

"सर, ही योजना आता बंद होणार," पलीकडची मुलगी म्हणाली. "ओढा ओलांडला की काउंटी, म्हणजे जिल्हा बदलतो."

"पण मेडिकेअर तर वॉशिंग्टनच्या सरकारची. देश तोच आहे ना?"

"देश तोच आहे, सर. पण या योजना काउंटीप्रमाणे असतात. तिकडे आमची दुसरी आहे. तिच्यात दात आहेत, चष्मा आहे."

"तलाव?"

"तलाव नाही."

तलावाचं रोज तिकीट काढायचं तर घराच्या नादात खिसा रिकामा झालेला. पत्ता जुन्याच काउंटीत राहावा म्हणून जुन्या घराची मागची खोली भाड्याने मिळते का बघायला ते गेले, तर तिथे नव्या मालकांचं तान्हं बाळ झोपलेलं. वर्लिन त्याला उगाच टाटा करून परत आले. मग रोज सकाळी ट्रूडी टॉवेल घेऊन निघाली की ते पडद्याआड लपू लागले. जिच्यासाठी ओढा ओलांडला तिच्यापासूनच तोंड लपवायची वेळ आली, याचं त्यांना फार वाईट वाटे.

शेवटी तीच दारात आली. वर्लिननी चार 'हं' आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

"अहो, मी याच काउंटीतली. इथल्या कुठल्याच योजनेत तलाव नाही," ट्रूडी म्हणाली. "मी पहिल्यापासून तिकीट काढून येते. आणि मला पाणी मुळीच आवडत नाही. कानात जातं."

"मग येता कशाला?"

"तुम्ही तिथेच तेवढे बोलता म्हणून."

 ट्रूडी अंगणात गेली, गुरांना पाणी पाजायची पत्र्याची टाकी ओढून आणली आणि नळी सोडली. दोन खुर्च्या मांडल्या. दोघांनी पाय पाण्यात सोडले. पाण्यात ढग उतरले होते, पायांभोवती हळूहळू हलत होते.

"बोला आता," ती म्हणाली.

वर्लिननी पाय आणखी जरा आत सरकवले. "ट्रूडी, आपण लग्न करू या का?"

"हं," ट्रूडी म्हणाली.